घरातील बंदूक आणि शाळेतील पाठ

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, लोणंद व त्याच्या आसपासच्या खेड्यांतून घरोघरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. कोयता, विळा, खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ ही सारी धुऊनपुसून पाटावर मांडली जातात आणि त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात. ज्या थोड्या घरांत परवान्याची बंदूक आहे, तेथे तीही त्या दिवशी खाली उतरते. वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेली ही वस्तू मुलांच्या दृष्टीस पडते ती बहुधा याच दिवशी. वडीलधारी मंडळी नैवेद्याच्या गडबडीत असतात, पाहुण्यांची ये-जा चालू असते आणि पाटाशेजारी घरातील लहान मुले बसलेली असतात. पूजा आटोपल्यावर बंदूक जागच्या जागी जाण्यास कधी संध्याकाळ होते, तर कधी दुसरा दिवस उजाडतो.

कोयत्याची धार मुलाला दिसते आणि तिचा धाकही त्याला वाटतो. बंदुकीतील धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. भरलेली व रिकामी बंदूक बाहेरून सारखीच दिसते. म्हणून या विषयाचा पाठ शाळेत होणे अगत्याचे आहे. तो कसा घ्यावा, त्यात मुलांना काय सांगावे आणि पालकांकडून काय करून घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंदूक घरात कशी येते

सातारा जिल्ह्यातील खेड्यात बंदूक साधारणपणे तीन वाटांनी घरात येते. पहिली वाट शेतीच्या राखणीची. नीरा नदीच्या व कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे वाढले आणि उसात रानडुकरे लपू लागली. एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी झालेली पाहणाऱ्या शेतकऱ्यास राखणीची बंदूक हवीशी वाटली तर त्यात नवल नाही. कायद्यानेही ही गरज ओळखली आहे. भारतीय शस्त्र अधिनियम, 1959 यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

दुसरी वाट नोकरीची. साताऱ्याची भूमी ही सैनिकांची भूमी आहे. निवृत्त झालेले अनेक जवान बँकांत व कारखान्यांत पहारेकऱ्याची नोकरी धरतात आणि काहींना त्या कामासाठी स्वतःच्या नावे परवान्याची बंदूक बाळगावी लागते. कामावरून परतलेल्या पहारेकऱ्याबरोबर ती बंदूकही घरी येते.

तिसरी वाट वारशाची. आणि तीच सर्वांत निष्काळजीपणाची ठरते. आजोबांच्या नावे परवाना होता, आजोबा गेले, बंदूक मात्र माळ्यावर तशीच राहिली. ती भरलेली आहे की रिकामी, हे घरातील कोणासही ठाऊक नसते. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर अथवा परवान्याची मुदत संपल्यानंतर बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते आणि ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसास ती हवी असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी रीतसर अर्ज करावयाचा असतो.

यांखेरीज छर्‍याची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक पुष्कळ ठिकाणी पाखरे हाकण्यासाठी वापरतात. ठराविक शक्तीपर्यंतच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. त्यामुळे ती खेळणे आहे असा समज पसरला आहे. हा समज घातक आहे. तिच्यातील शिशाचा बारीक छर्रा डोळ्यात शिरला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

नुसती ताकीद पुरी पडत नाही

बहुतेक घरांत बंदुकीविषयी मुलांना एकच वाक्य सांगितलेले असते : ‘हात लावू नकोस.’ आईवडिलांना वाटते, आपण सांगितले आहे आणि मूल शहाणे आहे. तेव्हा काळजीचे कारण उरले नाही. या विश्वासाची परीक्षा अमेरिकेतील अटलांटा शहरी वैद्यकीय संशोधकांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध केले. आठ ते बारा वर्षे वयाच्या 64 मुलग्यांचे, दोघा-तिघांचे मिळून, 29 गट केले होते. प्रत्येक गटास एका खोलीत सुमारे पाव तास बसविले. खोलीतील खणात एक खरे पिस्तूल लपविले होते. अर्थातच त्यात गोळी नव्हती. एका बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेतून संशोधक मुलांकडे पाहत होते.

29 पैकी 21 गटांना ते पिस्तूल सापडले. त्यांतील 16 गटांनी ते हाताळले आणि 10 गटांतील कोणा ना कोणा मुलाने त्याचा चाप ओढला. ज्यांना पिस्तूल सापडले त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळण्यातले वाटले, अथवा खरे की खोटे हे ठरविता आले नाही. शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट यापुढची आहे. ज्यांनी पिस्तूल हाताळले अथवा चाप ओढला, त्यांतील दर दहांत नवांहून अधिक मुलांना बंदुकीपासून सावध राहण्याची शिकवण पूर्वी मिळालेली होती.

ही मुले अवज्ञा करणारी होती असे समजणे चूक होईल. जिज्ञासा हा बालमनाचा धर्मच आहे. त्यातून सोबतीला मित्र असला की धीर वाढतो. घड्याळाचे मागील झाकण उघडून पाहणारा आणि कंदिलाची वात उगाच वरखाली करणारा मुलगाच वर्गात उत्तम प्रश्न विचारतो. ज्या जिज्ञासेवर शिक्षक आपले अध्यापन उभारतो, तीच जिज्ञासा घरातील बंदुकीपाशी मुलाच्या जिवावर उठते. तिला ताकिदीने बांधता येत नाही. तिच्या वाटेत कुलूप असावे लागते.

खेळणे व खरी वस्तू यांतील घोटाळा आपल्याकडेही होण्याजोगा आहे. आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या वेळच्या दुकानांतून आणि गावोगावच्या जत्रांतून मुले हौसेने पिस्तुले विकत घेतात. अलीकडील खेळणी रंगाने व आकाराने खऱ्यासारखी असतात. वडीलधाऱ्यांची नजरही जेथे फसते, तेथे सात वर्षांच्या मुलाने खरे-खोटे ओळखावे अशी अपेक्षा धरता येत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुलांना पाठ द्यावयाचा तो अवश्य द्यावा. परंतु त्या पाठावर मुलाच्या सुरक्षिततेचा सारा भार टाकू नये. मुलाच्या रक्षणाची जबाबदारी प्रथम प्रौढांची आहे आणि शाळेचा पाठ घरातील प्रौढांपर्यंत पोहोचला तरच तो पुरा झाला असे मानावे.

ठेवण्याची रीत

अमेरिकेतील काही जिल्ह्यांत मुलांना व किशोरांना घरातील बंदुकीपासून झालेल्या इजांचा अभ्यास करण्यात आला व तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात बंदूक कशी ठेवली होती, याची त्यात चौकशी होती. चार सवयी उपकारक दिसून आल्या : बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे आणि काडतुसेही कुलपात ठेवणे. यांतील प्रत्येक सवय ज्या घरात होती तेथे अशा इजांचे प्रमाण कमी होते.

आपल्या खेड्यातील घराला ही चार सूत्रे सहज लावता येतात. लोखंडी कपाट असल्यास त्याच्या कुलूपबंद कप्प्यात बंदूक ठेवावी. मोठी पेटी असल्यास तिला भक्कम कुलूप घालावे. काडतुसे अथवा बंदुकीची दारू व टोप्या दुसऱ्या कुलपात ठेवाव्यात. चुलीजवळ अथवा देव्हाऱ्यातील समईजवळ दारू कदापि ठेवू नये. किल्ली परवानाधारकाने स्वतःजवळ बाळगावी. खुंटीवर, कोनाड्यात, देव्हाऱ्यामागे अथवा उशीखाली ठेवलेली किल्ली घरातील मुलांना ठाऊक असतेच. आईचा गोडाचा डबा कोठे आहे हे जसे त्यांना ठाऊक असते, तसेच.

आढ्यावर, माळ्यावर अथवा उंच फळीवर ठेवलेली बंदूक सुरक्षित असते, हा दुसरा मोठा गैरसमज आहे. उंची ही मुलाच्या दृष्टीने अडचण नसून आमंत्रण असते. कणगीवर चढून शिंक्यातले लोणी काढणाऱ्या बाळकृष्णाचे कौतुक करणाऱ्या समाजास हे निराळे सांगावयास नको.

‘रिकामी आहे’ या शब्दाविषयी

बंदुकीच्या अपघातानंतर पुष्कळदा एक वाक्य ऐकू येते : ‘ती रिकामी आहे असे वाटले होते.’ असे का वाटते, हे शिक्षकाने समजून घेतले म्हणजे वरच्या इयत्तांतील मुलांना ते सांगता येईल.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, तिच्यावर बोळा आणि मग छर्रे घालून ते गजाने ठासतात. मागील बाजूस बसविलेल्या लहानशा टोपीवर घोडा आपटला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. टोपी काढून ठेवली म्हणजे बंदूक निर्धोक झाली असे लोक समजतात. परंतु नळीत ठासलेली दारू तेथेच असते. राखणीच्या रात्री भरलेला बार उडविला गेला नाही, तर तो पुढे कित्येक दिवस तसाच राहतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. काडतुसाच्या बंदुकीची नळी उघडून आत पाहता येते, तरी ती उघडून पाहण्याचा आळस होतो. पिस्तुलातून गोळ्यांचा खण बाहेर काढला, तरी एक गोळी नळीच्या मुखाशी आधीच चढलेली असू शकते.

म्हणून जाणकार माणूस प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे धरूनच तिच्याशी वागतो. नळीचे तोंड तो माणसाकडे कधी वळवीत नाही आणि चापावर बोट ठेवीत नाही. मुलांना हेच एका वाक्यात सांगावे : रिकामी बंदूक अशी कोणतीही बंदूक नसते.

पाठाची योजना : इयत्ता पहिली ते चौथी

लहान वर्गांसाठी हा पाठ वीस-पंचवीस मिनिटांचा असावा. नवरात्राच्या आधीचा आठवडा त्यासाठी उत्तम. साहित्य म्हणून फळा व खडू पुरेत. खरी बंदूक, काडतूस अथवा रिकामे टरफल वर्गात आणू नये. कोणी माजी सैनिक पालक आपण होऊन दाखविण्यास तयार असला तरीही आणू नये.

प्रस्तावना खंडेनवमी व पाटीपूजन यांवरून करावी. घरी कशाकशाची पूजा होते, पाटीवर सरस्वती कशी काढतात, पूजा झाल्यावर पाटी कोठे ठेवतात, असे प्रश्न विचारावेत. त्यावरून, काही वस्तू मुलांच्या हाती द्यावयाच्या असतात आणि काही केवळ मोठ्यांनीच हाताळावयाच्या असतात, या विचारावर यावे. विळा, विजेचे बटण, कीटकनाशकाची बाटली, बंदूक ही उदाहरणे घ्यावीत. बंदूक ही अनेक धोकादायक वस्तूंपैकी एक म्हणून पुढे येऊ द्यावी. तिच्याभोवती गूढ निर्माण केल्यास जिज्ञासा अधिकच चाळवते.

नंतर पाठासाठी योजलेली एक लहानशी गोष्ट सांगावी. सुट्टीत दोन चुलतभाऊ आजोळी आले आहेत. लपाछपी खेळताना धाकट्यास पेटीमागे कापडात गुंडाळलेली एक लांब वस्तू दिसते. थोरला म्हणतो, ‘बघू तरी, खरी आहे का!’ येथे गोष्ट थांबवावी आणि मुलांनाच विचारावे, ‘आता धाकट्याने काय करावे?’ मुलांची उत्तरे येऊ द्यावीत. कोणी ‘मी उचलून आजीला नेऊन देईन’ असे म्हणेल. हे उत्तर चांगल्या हेतूचे, पण धोक्याचे आहे. तेथेच थांबून ते प्रेमाने दुरुस्त करावे. या एका दुरुस्तीसाठी सारा पाठ घेतला तरी तो वाया गेला असे होणार नाही.

शेवटी फळ्यावर चार वाक्ये लिहून ती सर्वांकडून म्हणवून घ्यावीत :

थांब.
हात लावू नको.
तेथून दूर जा.
मोठ्या माणसास सांग.

ही चार वाक्ये नुसती पाठ झाली म्हणजे पुरे, असे समजू नये. मुलांच्या जोड्या करून त्यांच्याकडून तो प्रसंग प्रत्यक्ष करवून घ्यावा. काठीवर फडके टाकून ती कोपऱ्यात ठेवावी. मुलाने ती पाहून थांबावे, सोबत्याचा हात धरून खोलीबाहेर जावे आणि शिक्षकास येऊन सांगावे. सोबती ‘भित्रा’ म्हणून चिडवीत असता काय उत्तर द्यावे, याचाही सराव करवावा. कृतीने शिकलेले मूल शब्दाने शिकलेल्या मुलापेक्षा अधिक काळ लक्षात ठेवते. हा सराव दर सत्रात एकदा पुन्हा करावा. येऊन सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावू नये, हे पालकांनाही बजावावे. ‘तू तेथे गेलासच का?’ असा दम मिळालेले मूल पुढच्या खेपेस सांगावयास येत नाही.

इयत्ता पाचवी ते आठवी

या वयाच्या मुलांना कारणे हवी असतात. त्यांना कायदा, विज्ञान आणि उदाहरण या तिन्ही वाटांनी विषय समजावून द्यावा.

कायद्याची मोजकी माहिती पुरे. 21 वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस शस्त्र बाळगता येत नाही. ठरवून दिलेल्या वयानंतर व अटींनुसार केवळ प्रशिक्षणापुरती सवलत आहे. वडिलांच्या नावे परवाना असला म्हणून मुलाने बंदूक घेऊन शेतावर जावे असे होत नाही. 2019 मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन वरातीत वा समारंभात आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आकाशात उडविलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कोठे तरी खाली येते, हे सांगण्यास विज्ञानाचा धडा उपयोगी पडेल.

मोठ्या मुलांच्या मनात बंदुकीविषयी आकर्षण असते. चित्रपट, भ्रमणध्वनीवरील खेळ आणि वाढदिवसाच्या दिवशी शस्त्रासह काढलेली छायाचित्रे यांनी ते वाढविले आहे. या आकर्षणाची टिंगल केल्याने काही साधत नाही. त्यापुढे खऱ्या पराक्रमाचे रूप ठेवावे, आणि सातारा जिल्ह्यात त्याची उणीव नाही. अपशिंगे या गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी झाली आहे. देशातील पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यासच निघाली. वर्गात कोणा जवानाचा मुलगा वा मुलगी असेल, तर तिच्या वडिलांना सुट्टीवर आल्यावर शाळेत बोलवावे आणि एकच प्रश्न विचारावा : ‘काम संपल्यावर आपली रायफल कोठे ठेवता?’ पलटणीच्या शस्त्रागारास सैनिक ‘कोत’ म्हणतात. काम संपल्यावर शस्त्र मोजून, नोंद करून कोतात जमा करावे लागते आणि कोतावर पहारा असतो. ज्याचे सारे आयुष्य शस्त्राबरोबर गेले तो सैनिक ते कुलपात ठेवतो, ही गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकलेली मुले विसरणार नाहीत.

दुसरे उदाहरण क्रीडेचे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्यात वाढलेल्या व शिक्षकाचा मुलगा असलेल्या स्वप्निल कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. नेमबाजीची आवड असणाऱ्या मुलास वाट आहे. ती प्रशिक्षक, नेमून दिलेले मैदान आणि काटेकोर शिस्त यांतून जाते. घरातील माळ्यावरून ती जात नाही.

किशोरवयाचा आणखी एक धोका

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाविषयी पालक म्हणतात, ‘आता तो समजता झाला, किल्ली त्याच्यापाशी असली तरी चालेल.’ वस्तुतः याच वयात निराळी सावधगिरी हवी असते. परीक्षेतील अपयश, घरातील अपमान, मित्राशी बिघाड यांमुळे या वयात मन एकाएकी खचते. अशी लाट बहुधा लवकर ओसरते. परंतु त्या थोड्या वेळात घातक साधन हाताशी असले, तर सावरण्यास संधी मिळत नाही. 2020 पासून अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आली आहे, आणि त्यांतील मोठा भाग अशा आत्मघातांचा आहे.

आपल्याकडे हाताशी असणारे साधन बंदुकीपेक्षा अधिक वेळा कीटकनाशकाची बाटली असते. म्हणून कुलपाचा विचार सांगताना शिक्षकाने दोन्हींचा उल्लेख एकत्र करावा. ज्या घरी बंदूक नाही, त्या घरासही हा पाठ मग लागू पडतो. जे मूल अलीकडे अबोल झाले आहे, आवडत्या वस्तू वाटून टाकीत आहे अथवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे बोलत आहे, त्याच्याशी शिक्षकाने एकान्तात, शांतपणे व स्पष्ट बोलावे. सरळ विचारल्याने वाईट विचार मनात भरतो, ही समजूत खरी नाही. अशा मुलाच्या पालकांना त्याच दिवशी भेटून घरातील घातक वस्तू कुलपात अथवा घराबाहेर ठेवावयास सांगावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास लावावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 व बालकांच्या साहाय्यासाठी असलेला 1098 हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर कायम लिहिलेले असावेत.

शिक्षकाने टाळावयाच्या गोष्टी

‘कोणाकोणाच्या घरी बंदूक आहे, हात वर करा’ असे वर्गात कधीही विचारू नये. त्याने काही मुलांना फुशारकी वाटते, काहींना संकोच होतो आणि कोणत्या घरात शस्त्र आहे ही बातमी गावभर होऊन चोरीस वाट मिळते. एखाद्या मुलाने आपण होऊन सांगितले, तर ते वर्गात न चघळता पालकाशी खासगीत बोलावे. बिगरपरवाना शस्त्राची अथवा रानडुकरांसाठी केलेल्या गावठी बाँबची माहिती कानी आल्यास स्वतः शोध करीत बसू नये. मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांना कळवावे. शेताच्या बांधावर अनोळखी गोळा अथवा पुडके दिसल्यास त्यास हात न लावण्याची सूचना मुलांना याच पाठात द्यावी.

मुलांना भीती घालू नये. रक्ताची वर्णने व अपघातांची छायाचित्रे यांनी संवेदनशील मुलांची झोप उडते आणि धीट मुलांचे कुतूहल वाढते. खेळण्यातील बंदुकीवर सरसकट बंदी घालण्याचीही जरूर नाही. मात्र तीदेखील कोणाच्या तोंडावर रोखू नये, हा नियम खेळातच लावून द्यावा.

पालकसभा

या पाठाचा दुसरा भाग पालकसभेत घ्यावयाचा आहे. नवरात्रापूर्वीच्या सभेत दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत आणि मातांना अगत्याने बोलवावे, कारण घरातील कोणती वस्तू कोठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. सभेत उपदेशाचा सूर नसावा. ज्याने पिकासाठी अथवा पोटासाठी बंदूक घेतली, त्याच्यावर दोषारोप केल्यास तो ऐकून घेणार नाही. त्याची गरज मान्य करून पुढील गोष्टी सांगाव्यात.

पूजेपूर्वी बंदूक स्वतः परवानाधारकाने रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी. ठासणीच्या बंदुकीत जुना बार अडकला असल्यास घरी खटपट न करता जाणकाराकडे अथवा शस्त्रविक्रेत्याकडे न्यावी. पूजा होईपर्यंत परवानाधारकाने तेथून उठू नये आणि आरती होताच बंदूक कुलपात ठेवून मगच ताटावर बसावे. मूल दुसऱ्याच्या घरी सुट्टीस जात असेल, तर तेथे बंदूक कुलपात आहे काय हे विचारावयास संकोच करू नये. विहिरीला कठडा आहे का, हे आपण विचारतोच. ज्यांना बंदुकीची गरज उरलेली नाही, त्यांनी ती पोलीस ठाण्यात रीतसर जमा करावी. निवडणुकीच्या काळात आदेश झाला म्हणजे परवानाधारक आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात ठेवून येतातच. तेवढे दिवस त्यांची घरे व शेते निभावून जातात, ही अनुभवाची गोष्ट आहे.

अपघात घडल्यास

कोणास गोळी अथवा छर्रा लागल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून ते तळहाताने घट्ट दाबून धरावे. आत गेलेला छर्रा उकरून काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यास इजा झाल्यास डोळा चोळू अथवा दाबू नये, त्यात कोणतेही औषध वा घरगुती द्रव्य घालू नये. वर हलके आवरण ठेवून रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. बंदुकीपासून मुलांना दूर करावे आणि 112 वर पोलिसांना कळवावे. भीतीपोटी घटना लपविण्यात गेलेला वेळ जखमी मुलाच्या आयुष्यातून वजा होतो.

खेड्यातील शिक्षकाचा शब्द घरात आजही मानला जातो. मुलाच्या प्रगतिपत्रकावर सही करणारा पालक, शिक्षकाने शांतपणे सांगितलेली गोष्ट सहसा टाळीत नाही. येत्या खंडेनवमीस आपल्या शाळेच्या गावातील एका घरात तरी आरती संपल्याबरोबर पेटीला कुलूप लागले आणि किल्ली घरधन्याच्या कडोसरीस गेली, म्हणजे या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.